कान जाताना दुखत नाहीत: वस्तीत, मंडळात आणि कारखान्यात आवाजाविरुद्ध काम कसं उभं करायचं

गणेश मंडळ, हाउसिंग सोसायटी, शाळेचं पालक मंडळ, छोटा कारखाना किंवा बचत गट, यांपैकी कुठेही तुम्ही असाल आणि ‘मोठ्या आवाजानं कान जातात, हे लोकांना सांगायला पाहिजे’ असं मनात आलं असेल, तर पहिली अडचण ही की लोकांना ते माहीत आहे. वरातीतल्या धुमाल वाद्यपथकासमोर नाचणाऱ्या पोट्ट्यालाही माहीत आहे आणि नागपूरच्या लकडगंजमधल्या आरा मशीनवरच्या मिस्त्रीलाही. किती आवाज, किती वेळ आणि त्यावर आज संध्याकाळपासून करायचं काय, हे मात्र कोणी सांगितलेलं नसतं. म्हणून खाली घोषणा कमी आणि हिशेब जास्त आहे.

आणखी एक. जनजागृती म्हटलं की रॅली काढायची, पुढे ऑटोवर भोंगा लावायचा, ही आपल्याकडची रीत. निदान या विषयात तरी ती टाळा.

बोलण्याआधी एवढं पक्कं असू द्या

आतल्या कानात कर्णावर्त नावाची वेटोळी नळी असते. तिच्यात प्रत्येक बाजूला सुमारे १५,००० केसपेशी असतात. आवाजाची थरथर विद्युत संदेशात बदलून मेंदूकडे पाठवणं हे त्यांचं काम. जन्माला येताना जेवढ्या मिळाल्या तेवढ्याच. माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. सतत मोठा आवाज पडत राहिला की त्या थकतात आणि शेवटी मरतात. सुरुवात बहुतेक वेळा ४,००० हर्ट्‌झच्या आसपासच्या, म्हणजे बारीक, उंच पट्टीच्या आवाजांपासून होते. त्यामुळे माणूस ठार बहिरा होत नाही, आणि घोळ इथेच होतो.

स्वर खालच्या पट्टीत असतात, ते ऐकू येत राहतात. स, श, फ, थ यांसारख्या व्यंजनांचा जोर वरच्या पट्टीत असतो, ती आधी जातात. दुकानदार ‘साठ’ म्हणतो, ऐकणाऱ्याला ‘आठ’ ऐकू येतं. नातवंडांचं बोलणं नुसतं किलबिल वाटू लागतं. ‘आवाज येतो, पण काय म्हणते ते समजत नाही,’ असं कोणी म्हणालं की कान टवकारा. घरचे समजतात माणूस लक्ष देत नाही. माणूस समजतो घरचे पुटपुटतात. या गैरसमजात सात-आठ वर्षं सहज निघून जातात.

धुमालच्या वरातीतून आल्यावर कान दडे बसल्यासारखे होतात, ‘चीं’ असा आवाज येतो आणि दुसऱ्या दिवशी सगळं ठीक वाटतं. याला लोक ‘उतरलं’ म्हणतात. ऐकू येण्याची पातळी पूर्ववत आली तरी केसपेशी आणि नस यांच्यामधले काही जोड कायमचे तुटलेले असू शकतात, असं प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलं आहे. दडा बसणं हा इशारा आहे, आणि तो वरचेवर मिळत असेल तर कायमचं नुकसान जवळ आलेलं असतं.

कारखान्यात गेलात की हमखास ऐकाल: ‘आता सवय झाली जी, काही नाही वाटत.’ हातांना घट्टे पडतात, कानांना पडत नाहीत. आवाज कमी टोचायला लागला असेल तर कान बळकट झाला नाही, काही पेशी कामावरून गेल्या. हे वाक्य तोंडावर म्हणायला जरा कठोर आहे, पण मिस्त्री लोकांना तेच पटतं, डेसिबल नंतर.

पहिली पायरी: मोजा

साधनाशिवाय करायची चाचणी अशी. समोरचा माणूस हातभर अंतरावर उभा आहे आणि त्याला ऐकू जावं म्हणून तुम्हाला आवाज चढवावा लागतो, तर तिथला आवाज साधारण ८५ डेसिबल किंवा त्याच्या वर आहे असं धरा. कानाशी तोंड नेऊन ओरडावं लागत असेल तर बरंच वर.

मग मोबाईल. आपल्या नागपुरातल्याच सीएसआयआर-नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेनं ‘नॉइज ट्रॅकर’ नावाचं अँड्रॉइड अॅप काढलेलं आहे; आयफोनवर अमेरिकेतल्या ‘नायॉश’ या कामगार-सुरक्षा संस्थेचं साउंड लेव्हल मीटर फुकट मिळतं. मोजताना फोनचं कव्हर काढा, माइकवर बोट नको, वाऱ्याकडे तोंड नको. फोन कामगाराच्या कानाच्या उंचीला धरा. क्षणभर उसळणारा सर्वांत मोठा आकडा लिहून घ्यायचा मोह होतो, तो टाळा. पाच मिनिटांची सरासरी लिहा. फोनचा माइक दोन-चार डेसिबल इकडेतिकडे होणारच, आणि फार मोठ्या आवाजाला तो गळपटतो. कोर्टात दाखवायला हे आकडे चालणार नाहीत, पण ‘इथे ७० आहे की १००’ एवढं कळायला पुरेसे आहेत. सुतळी बॉम्बसारखा क्षणिक धमाका मात्र फोननं मोजूच नका.

एका कागदावर जागा, वेळ, आकडा आणि माणूस तिथे रोज किती तास असतो, असे चार रकाने करा. पुढचं सगळं काम या कागदावर चालतं.

दुसरी पायरी: हिशेब

आवाजाचं नुकसान ‘किती मोठा’ आणि ‘किती वेळ’ या दोहोंवर ठरतं. नायॉशचा हिशेब असा: ८५ डेसिबलला दिवसाचे आठ तास. त्यापुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी. म्हणजे ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक, ९७ ला अर्धा तास, १०० ला १५ मिनिटं. १०६ ला चार मिनिटंही नाहीत. आपल्याकडच्या कारखान्यांच्या नियमांत आठ तासांसाठी ९० डेसिबलची मर्यादा चालत आली आहे. ती सैल आहे. मालकाशी बोलताना ९० सांगा, कामगाराशी बोलताना ८५.

आता तुमचा कागद काढा. अँगल ग्राइंडर आणि लाकूड चिरणारी चक्री १०० च्या आसपास सहज जातात. पॉवरलूमच्या शेडमध्ये ९५ सहज दिसतं. डीजेच्या भिंतीसमोर १०५ काहीच नाही. म्हणजे मारबतीच्या, पोळ्यानंतरच्या मिरवणुकीच्या, दिवशी चार तास डीजेमागे चालणाऱ्या पोराचा दिवसभराचा कोटा चार-पाच मिनिटांत संपतो. हा आकडा त्याला त्याच्याच फोनवर दाखवा.

आधी कोणाकडे जायचं

सगळ्यांना एकदम सांगायला गेलात तर कोणालाच सांगितलेलं राहत नाही. वरातीतला पाहुणा वर्षातून चार वेळा नाचतो. त्याचे कान धोक्यात आहेत, पण जो रोज वाजवतो त्याचे आधी जातात. माझ्या मते क्रम असा असावा: आरा मशीन, वेल्डिंग-फॅब्रिकेशन आणि पॉवरलूमवरचे कामगार, हिंगणा आणि बुटीबोरी एमआयडीसीतल्या छोट्या युनिटचे ठेक्यावरचे लोक, धुमाल, बँड, ढोल-ताशा आणि डीजेची पोरं, मग चौकातले वाहतूक पोलीस, पिठाची गिरणी चालवणारे. शाळा-कॉलेज त्यानंतर.

मोठ्या कारखान्यात सुरक्षा अधिकारी असतो, कान तपासणीची फाइल असते. आवाजामुळे येणारा बहिरेपणा हा कायद्यात नोंदवण्याजोगा व्यावसायिक आजार आहे, हे तिथे माहीत असतं. छोट्या शेडमध्ये यांपैकी काहीच नसतं. त्यामुळे तुमची मेहनत तिथे जास्त लागते.

जायची वेळ जेवणाच्या सुट्टीची. मशीन बंद असतात, लोक डबा उघडून बसलेले असतात. भाषण दहा मिनिटांच्या वर नको. मालकाला आधी विचारा. त्याला वाटतं तुम्ही नुकसानभरपाईचं काही काढायला आलात. त्याच्यापुढे खर्चाचा आकडा ठेवा आणि आधी मशीनचं बोला: ढिले नट, घासलेलं बेअरिंग, बोथट पातं आणि पत्र्याचं थरथरणारं झाकण एवढं सुधारलं तरी आवाज बऱ्यापैकी उतरतो, आणि मशीनही टिकते. कॉम्प्रेसर भिंतीबाहेर नेणं, मशीनखाली रबरी पॅड टाकणं हे त्यानंतरचं. कानात काही घालणं हा शेवटचा उपाय, पण छोट्या शेडमध्ये बहुतेक वेळा हाताशी तोच असतो. म्हणून तो नीट शिकवावा लागतो.

इअरप्लग: इथे वेळ घाला

फोमचे इअरप्लग दहा-वीस रुपयांना जोडी मिळतात. नुसते वाटून आलात तर पैसे पाण्यात. दहातले आठ जण प्लग बुचासारखा बाहेरच टेकवतात, त्यानं आवाज अडत नाही. करून दाखवा, आणि प्रत्येकाकडून करून घ्या.

हात धुवायचे, कारण ग्रीस लागलेला प्लग कानात गेला की खाज आणि मग संसर्ग. प्लग अंगठा आणि दोन बोटांत धरून वळायचा, दाबायचा नाही. वातीसारखा बारीक, सुरकुती न पडता. मग उजव्या कानासाठी डावा हात डोक्यावरून मागून आणायचा आणि कानाची वरची पाळी वर आणि मागे ओढायची. या ओढण्यानं कानाची वाकडी नळी सरळ होते; हीच पायरी सगळे गाळतात. प्लग आत सरकवायचा आणि बोटाच्या टोकानं अर्धा मिनिट धरून ठेवायचा, तो आत फुगेपर्यंत. नीट बसला असेल तर समोरून पाहणाऱ्याला तो जवळजवळ दिसत नाही. दोन्ही कानांवर तळवे झाकून बघा: झाकल्यावर आवाज फारसा कमी झाला नाही, तर प्लग बरोबर बसलाय. बराच कमी झाला, तर काढून पुन्हा. काढताना गोल फिरवत हळू काढा, खसकन ओढलं तर पडद्यावर ताण येतो.

पाकिटावर ‘एनआरआर ३०’ असं काही, म्हणजे प्लग किती डेसिबल उतरवतो तो आकडा, छापलेलं असतं. ते प्रयोगशाळेतलं. प्रत्यक्षात धरायचं असेल तर त्यातून ७ वजा करा आणि उरलेलं निम्मं करा: साडेअकरा. १०० डेसिबलच्या चक्रीवर कानात साडेअठ्ठ्याऐंशी पोहोचले, म्हणजे साधारण साडेतीन तास मिळाले. पूर्ण पाळी नाही, पण १५ मिनिटांपेक्षा कितीतरी बरं.

आणि हे सांगितल्याशिवाय उठू नका: प्लग कितीही चांगला असला तरी आठ तासांत एक तास काढून ठेवला, तर दिवसाचं संरक्षण फार तर ९ डेसिबलवर येतं. ‘बोलायला जरा काढला’ हे ‘जरा’ फार महाग पडतं. बोलायचं असेल तर मशीनपासून लांब जा.

कापसाच्या मुलखात हे सांगणं जिवावर येतं, पण कापसाचा बोळा जवळजवळ काहीच करत नाही. उन्हाळ्यात आपण डोक्या-कानाला गुंडाळतो तो दुपट्टाही नाही. तो लू अडवतो, आवाज नाही. कानावर बसणारे मफ चांगले, पण ४५ अंशांत पत्र्याच्या शेडखाली मफच्या आत घाम साचतो आणि माणूस ते गळ्यात अडकवून फिरतो. चष्म्याच्या काडीनं किंवा केसांनी फट राहिली तरी फायदा घटतो. म्हणून उन्हाळ्यात प्लग, हिवाळ्यात मफ, आणि १०० च्या वर दोन्ही एकदम. घेताना आयएस ९१६७ हे मानक बघा.

हॉर्न, सायरन, फोर्कलिफ्ट जिथे आहे तिथे प्लग घातल्यावर धोक्याचा आवाज ऐकू येईल का, हा प्रश्न कामगार विचारतात आणि बरोबर विचारतात. अशा जागी फिरता लाल दिवा लावायला मालकाला सांगा.

मंडळ, मारबत, लग्न

मिरवणुकीच्या दिवशी जाऊन ‘आवाज कमी करा’ म्हणणं म्हणजे भांडण ओढवून घेणं. मंडळाकडे डीजेला बयाना जाण्याआधी जा. पोळा-मारबतीसाठी आषाढातच, गणपतीसाठी श्रावणाच्या सुरुवातीला. ३ मार्चला जागतिक श्रवण दिन असतो, पण तेव्हा घराघरात परीक्षा. सभेला चार माणसं येत नाहीत. फलक लावा, मुख्य काम पोळ्याच्या आधी करा.

परंपरा मोडा असं म्हणू नका. मारबत डीजेच्या कितीतरी आधीपासून निघते आणि ‘घेऊन जा गे मारबत’ म्हणायला अॅम्प्लिफायर लागत नाही. मागायचं ते नेमकं मागा. मिक्सरवर लिमिटर, म्हणजे आवाज ठरलेल्या पातळीच्या वर जाऊ न देणारं यंत्र, लावून त्याला कुलूप. स्पीकर कानाच्या पातळीपेक्षा वर. त्यांच्यापुढे चार-पाच मीटरवर दोर, आतमध्ये कोणी नाही. मोकळ्या जागी अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलनं उतरतो. इतवारीच्या गल्लीत दोन्ही बाजूंनी भिंती असल्यानं तेवढा उतरत नाही, म्हणून गल्लीत शिरताना आवाज खाली. तासाला दहा मिनिटं पूर्ण शांतता. कडेवरची बाळं या दोराच्या जवळपास नकोत. मुलांसाठी मर्यादा मोठ्यांपेक्षा खालची धरतात.

ढोल-ताशा पथकांना वेगळं सांगावं लागतं. मिरवणूक एक दिवसाची, सराव महिना-दीड महिन्याचा, आणि तो रोज दोन-तीन तास. ताशाचा तडाखा थेट वाजवणाऱ्याच्या कानात जातो. सरावातच प्लग घालायची शिस्त लागली, तर मिरवणुकीत वेगळं सांगावं लागत नाही. ताल बिघडेल अशी तक्रार येते. चार दिवस वाजवू द्या, जाते. संक्रांतीला गच्चीवर डीजे लावून पतंग उडवणाऱ्यांना माझा एवढाच आग्रह असतो की स्पीकर टाकीच्या पलीकडे ठेवा, ‘ओ काट’ तरी ऐकू येईल.

फटाक्यांना कायद्यात फुटण्याच्या जागेपासून चार मीटरवर १२५ डेसिबलची मर्यादा आहे. हरित फटाक्यांच्या संशोधनात नीरी पुढे होती, याचा नागपूरकरांना अभिमान असावा. पण हरित म्हणजे मुका नव्हे. त्यांच्यापासूनही तेवढंच लांब राहायचं.

मोबाईल आणि कूलर

जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानं कानात घालून ऐकायचं असेल तर मोठ्यांना ८० डेसिबलवर आठवड्याला ४० तास, मुलांना ७५ वर तेवढेच. रोजच्या भाषेत: आवाजाची पट्टी ६० टक्क्यांच्या खाली, आणि फोन मर्यादेचा इशारा देतो तो बंद करू नका. आपल्याकडचा खरा गुन्हेगार एप्रिल ते जून खिडकीत घरघरतो. कूलरच्या आवाजानं कान जात नाहीत, पण त्याच्यावर मात करायला टीव्ही आणि इअरफोन दोन्ही चढवले जातात. झोपण्याच्या खोलीतला कूलर रबरावर बसवा, पंख्याचं पातं सरळ करा. गाण्यांचा आवाज आपोआप उतरतो.

तपासणी

शिबिर भरवून हॉलमध्ये कान तपासायचा मोह होईल. पंखे, गर्दी आणि रस्ता यांत तपासणी चुकते. त्यापेक्षा लोकांना नागपुरातल्या मेडिकल, मेयो या सरकारी रुग्णालयांच्या किंवा मिहानमधल्या एम्सच्या कान-नाक-घसा ओपीडीत पाठवा. तिथे शांत खोलीत ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची मोजणी, होते. आधी चाळणी हवी असेल तर जागतिक आरोग्य संघटनेचं ‘हिअरडब्ल्यूएचओ’ हे फुकट अॅप चालतं.

ऑडिओमेट्रीच्या आधी निदान १६ तास मोठा आवाज नको. म्हणून सुट्टीनंतरच्या दिवशी सकाळी, पाळीवर जाण्यापूर्वी. ३,००० आणि ६,००० हर्ट्‌झही तपासा असं सांगा. आलेखात ४,००० जवळ खड्डा आणि ८,००० ला परत वर, अशी रेघ दिसली तर आवाजाचा संशय बळावतो. आलेखाची प्रत घरी ठेवा. नुकसानभरपाईसाठी किंवा पुढच्या तुलनेसाठी जुना कागद लागतो. नवीन पोरगा कामाला लागला की पहिल्या महिन्यातच एक ऑडिओमेट्री करून घेतलेली बरी.

टीबीसाठी स्ट्रेप्टोमायसिन किंवा अॅमिकासिनची इंजेक्शनं चालू असतील, कर्करोगासाठी सिस्प्लॅटिन असेल, किंवा काम टोल्युइनसारख्या थिनरमध्ये असेल, तर कान दुहेरी माराखाली आहे. डॉक्टरांना कामाच्या आवाजाबद्दल आणि कारखान्याला औषधाबद्दल सांगा. औषध स्वतःहून बंद करू नका.

फटाका कानाजवळ फुटला, एका कानाचं अचानक कमी ऐकू येऊ लागलं, रक्त आलं किंवा चक्कर आली, तर त्याच दिवशी डॉक्टर. अचानक गेलेल्या श्रवणाला उपचार जितके लवकर तितकी आशा जास्त. आणि कानात तेल घालायचं नाही, कोमट नाही आणि लसणाचंही नाही. पडदा फाटला असेल तर ते थेट आत जातं. वर्षानुवर्षांच्या आवाजानं गेलेलं श्रवण परत आणणारं औषध नाही. कानाचं मशीन लावल्यानं ऐकणं सोपं होतं, मेलेल्या पेशी परत येत नाहीत.

तक्रार

ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. दवाखाना, शाळा आणि कोर्टाभोवती निदान १०० मीटरचं, सरकारनं जाहीर केलेलं शांतता क्षेत्र असेल, तिथे ५० आणि ४०. रात्री १० ते सकाळी ६ भोंगे बंद. सणांसाठी सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं. ११२ ला फोन करा आणि वेळ, जागा, फोनवरचा आकडा सांगा. तक्रारदाराची ओळख विचारू नये, उघडही करू नये, असं मुंबई उच्च न्यायालयानं जानेवारी २०२५ मध्ये पोलिसांना बजावलं आहे. मोहल्ल्यात वैर नको म्हणून गप्प बसणाऱ्यांना हे जरूर सांगा. विनाकारण हॉर्न वाजवणं किंवा सायलेन्सर काढून बुलेट फटफटवणं यावर मोटार वाहन कायद्याच्या १९४एफ कलमाखाली पहिल्यांदा १,००० आणि पुढे २,००० रुपये दंड आहे.

परत जा

एकदा सांगून प्लग वाटले आणि फोटो काढला, इथे बहुतेक मोहिमा संपतात. दोन महिन्यांनी त्याच शेडमध्ये, न सांगता, काम चालू असताना जा आणि कानांकडे बघा. प्लग नसतील तर भाषण न देता कारण विचारा. बहुतेक वेळा ते साधं निघतं: प्लगचा डबा ऑफिसच्या कपाटात कुलपात आहे, किल्ली मालकाच्या खिशात. डबा मशीनच्या स्विचबोर्डाला लागून खिळ्यावर टांगा, शेजारी हात पुसायचं फडकं ठेवा, आणि संपले की आणायचं काम कोणाचं, ते त्याच दिवशी ठरवून या.